मालकाला थंडी वाजते

कॅनडातल्या लोकांनी थंडीवर शोधलेला उपाय असा आहे: बाहेर उणे पंधरा अंश असताना घरातली उबदार खोली सोडायची, गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायचा, निसरड्या रस्त्याने जीव मुठीत धरून जायचं आणि मुद्दाम बर्फ तयार करून ठेवलेल्या इमारतीत अडीच तास बसायचं. वर त्याचे पैसे मोजायचे. सप्टेंबरअखेरपासून मार्चपर्यंत बहुतेक शुक्रवारी संध्याकाळी मी हे करतो, कारण माझ्या बायकोचं म्हणणं आहे की माणसाने इथल्या लोकांत मिसळायला हवं. मिसळणं म्हणजे काय, तर सात हजार माणसांनी एकाच दिशेला तोंड करून गारठत बसणं. एरवी कोणी कोणाशी बोलत नाही, ओरडतात मात्र सगळे मिळून.

आमचं गाव किचनर, टोरोंटोच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर. गावाचा संघ किचनर रेंजर्स. खेळ आइस हॉकी आणि खेळाडू सोळा ते वीस वर्षांचे. आपल्याकडे या वयाच्या मुलाला आई ‘पायात काहीतरी घाल रे, फरशी गार आहे’ म्हणते. इथे त्याच्या पायात धारदार पाती बांधतात, हातात काठी देतात आणि बर्फावर सोडतात.

खेळ मला कळत नाही असं नाही, तो मला दिसत नाही. पक म्हणजे तीन इंच व्यासाची, इंचभर जाडीची रबराची काळी चकती. ती उसळ्या मारू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. म्हणजे या इमारतीत प्रेक्षकांपेक्षा गार असलेली एक तरी वस्तू आहे. गोल झाला हे मला बायको उडी मारून उभी राहिली की समजतं. मग मी उभा राहतो, तोवर ती बसलेली असते आणि मागच्या रांगेतले लोक माझ्या पाठीकडे बघून काहीतरी म्हणतात. लग्नाआधी सांगलीत हिने कधी कॅरमच्या बोर्डाकडेसुद्धा वळून पाहिलं नव्हतं. आता ती पंचाला उद्देशून असं काही ओरडते की, ते मराठीत असतं म्हणूनच आम्हाला आत येऊ देतात.

हंगामाची दोन तिकिटं काढली तेव्हा तिने एक गोष्ट मला सांगितली नव्हती. तिकिटाबरोबर आम्ही संघाचे मालकही झालो होतो.

हे खरं आहे. किचनर रेंजर्सला कोणी धनाढ्य मालक नाही. संघ गावाचा आहे, नफ्यासाठी चालत नाही, आणि ज्यांच्याकडे पूर्ण हंगामाचं तिकीट आहे ते लोक मतदान करून संचालक मंडळ निवडतात. वार्षिक सर्वसाधारण सभा होते. ताळेबंद मांडला जातो. हे मला समजलं त्या दिवशी माझी छाती फुगली आणि त्या रात्री मी घरी आलेल्या पाहुण्यांना, ‘आमचा एक हॉकीचा संघ आहे,’ असं सहज बोलल्यासारखं सांगितलं. मालक असल्याचे फायदे मात्र शोधूनही सापडत नाहीत. पार्किंगचे पैसे पडतात. कॉफी त्याच भावाने मिळते. खुर्ची तेवढीच गार असते.

त्यातच गेल्या हिवाळ्यात माझे सासरे आले. विमानाचं तिकीट नोव्हेंबरात स्वस्त मिळतं, हे त्यांनी शोधून काढलं होतं. का मिळतं, याचा शोध त्यांना विमानतळाबाहेर पाऊल टाकल्यावर लागला. बाबांनी सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या हिशेब विभागात सारी हयात घालवली. हॉकी म्हणजे त्यांच्या लेखी मेजर ध्यानचंद, आणि अलीकडचं म्हणाल तर आपल्या खडकीचा धनराज पिल्ले. पहिल्या सामन्याला त्यांनी माकडटोपी, त्यावर मफलर आणि त्यावर माझं जाकीट अशी वेशभूषा केली. मी माझ्याच घरातलं दोन नंबरचं जाकीट घालून निघालो.

गावाच्या नावापासून सुरुवात झाली. १९१६ पर्यंत या गावाचं नाव बर्लिन होतं. वस्ती जर्मन. पहिल्या महायुद्धात ते नाव अंगाशी येऊ लागलं, मग मतदान घेतलं, वादावादी झाली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये बोट बुडून गेलेल्या लॉर्ड किचनरचं नाव गावाला दिलं.

“कर्झनला घालवणारा किचनर तो हाच का?” बाबांनी विचारलं.

तोच. हिंदुस्थानचा सरसेनापती असताना त्याचं व्हाइसरॉयशी वाजलं आणि १९०५ साली कर्झनला राजीनामा द्यावा लागला. बाबांनी ही नोंद मनात करून घेतली. सरसेनापती असो की कारखान्याचा कार्यकारी संचालक, वरच्याला घालवणाऱ्या माणसाबद्दल त्यांना एक सुप्त आदर आहे.

मग मी त्यांना संघाच्या मालकीचं सांगितलं. आणि आजवर मला जे जमलं नव्हतं ते त्या एका वाक्याने झालं: सासरे माझ्याकडे आदराने बघू लागले.

“म्हणजे सहकारी आहे म्हणा की.”

“तसंच काहीसं.”

“लाभांश?”

“नाही.”

“दिवाळीला सभासदांना सवलतीची साखर? म्हणजे, तत्सम काही?”

“नाही हो बाबा.”

“बिनविरोध निवडून येतात की पॅनल पडतात?”

बर्फावर तेव्हा दोन पोरं हातमोजे फेकून एकमेकांना बुकलत होती आणि पंच शांतपणे उभे राहून बघत होते. बाबांनी तिकडे एक नजर टाकली. सर्वसाधारण सभेची सवय असलेल्या माणसाला त्यात नवीन काही वाटलं नाही.

आमच्या शेजारच्या खुर्चीत एक आजी बसतात. ती जागा त्यांच्या वडिलांची, नंतर त्यांची. १९६३ साली संघ गावात आला तेव्हापासून त्या सामने बघतात. संघाचा सगळा इतिहास मला त्यांच्याकडून तुकड्यातुकड्याने, दोन गोलांच्या मधल्या वेळेत मिळाला आहे. त्याआधी तो संघ पंचवीसेक किलोमीटरवरच्या ग्वेल्फ गावात होता. न्यूयॉर्क रेंजर्स हा बड्यांचा संघ त्याला पोसत होता, म्हणून नाव रेंजर्स आणि अंगरख्याचे रंगही तेच, निळा, लाल, पांढरा. पुढे ही पोसण्याची पद्धत बंद झाली. संघ मात्र गावात टिकला.

कनिष्ठ गटाचा सर्वात मोठा करंडक म्हणजे मेमोरियल कप. पहिल्या महायुद्धात मेलेल्या कॅनेडियन सैनिकांच्या स्मरणार्थ १९१९ साली तो सुरू झाला. आम्ही जिथे गारठतो ते मेमोरियल ऑडिटोरियम, गावकऱ्यांच्या भाषेत नुसतं ‘ऑड’, तेही युद्धस्मारकच, १९५१ सालचं. हे ऐकून बाबांनी माकडटोपी काढून मांडीवर ठेवली. त्या युद्धांत गेलेली कितीतरी पोरं खाली खेळणाऱ्या पोरांच्याच वयाची होती. दोन मिनिटांनी टोपी पुन्हा डोक्यावर गेली. भावनेलाही तापमानाची मर्यादा असते.

तर मेमोरियल कप. किचनरने तो १९८२ साली जिंकला, २००३ साली जिंकला. आजी हे दोन्ही विजय एका वाक्यात आटोपतात. त्यांचा खरा जीव पराभवांत आहे. १९८१ची अंतिम फेरी कॉर्नवॉलकडून हरलो. १९८४ साली यजमान आपण, सामने याच ऑडमध्ये, अंतिम फेरीपर्यंत एकही सामना हरलो नाही, आणि शेवटी ऑटावाच्या संघाने सात-दोन असं धुतलं. १९९० साली ओशावाविरुद्ध वेळ संपली, जादा वेळ संपली, दुसऱ्या जादा वेळेत गोल खाल्ला. २००८ साली पुन्हा यजमान, पुन्हा अंतिम फेरी, समोर अमेरिकेतल्या स्पोकेनचा संघ, चार-एक असा पराभव. वर कळस म्हणजे त्या विजेत्या पोरांनी जल्लोषात करंडक एकमेकांकडे देताना तो मोडला! वरचा चषक एकाच्या हातात, खालची बैठक दुसऱ्याच्या हातात. ती प्रतिकृती होती, अस्सल करंडक सुखरूप होता, पण आजींना ते सांगून उपयोग नाही. आपल्या घरात येऊन, आपल्याला हरवून, वर आपल्यासमोर भांडं फोडलं, हे त्या विसरायला तयार नाहीत.

बाबा हे सगळं कानात प्राण आणून ऐकत होते. मी दुभाषा. पराभव जपून ठेवण्यात मराठी माणसाचा हात कोणी धरू शकत नाही. आजींचं १९८४ संपताच बाबांनी १७६१ काढलं. सदाशिवरावभाऊंनी बुणग्यांना बरोबर का घेतलं, हे मी त्या रात्री एका कॅनेडियन वृद्धेला इंग्रजीत समजावून सांगितलं. तिला ते आमच्या बचावफळीपेक्षा लवकर कळलं.

डिसेंबरात टेडी बेअरचा सामना असतो. यजमान संघाचा पहिला गोल झाला की प्रेक्षकांनी घरून आणलेली कापडी खेळणी बर्फावर फेकायची. ती गोळा करून गरजू मुलांना वाटतात. ही पद्धत १९९३ साली पश्चिमेकडच्या कॅमलूप्सच्या संघाने सुरू केली आणि कनिष्ठ हॉकीत सगळीकडे पसरली. बाबांना आधी काही सांगायचं राहून गेलं. गोल झाला, चहूबाजूंनी अस्वलं, ससे, हत्ती उडायला लागले, तसे बाबा दोन खुर्च्यांच्या मध्ये खाली बसले. १९९६चा ईडन गार्डन्सवरचा उपांत्य सामना त्यांनी टीव्हीवर पाहिला आहे. भारत आठ बाद एकशेवीस, खाली बाटल्या, वर जाळपोळ, आणि सामना श्रीलंकेला बहाल. “चला, सामना गेला,” ते खालूनच म्हणाले. पोलीस आलेच नाहीत. स्वयंसेवक पिशव्या घेऊन आले आणि ससे वेचू लागले.

टोप्यांचं प्रकरण याहून जुनं. एकाच खेळाडूने एका सामन्यात तीन गोल केले की प्रेक्षक डोक्यावरच्या टोप्या बर्फावर भिरकावतात. हे कुठून आलं यावर टोरोंटो आणि माँट्रियलवाले भांडतात, पण ग्वेल्फकरांचाही एक दावा आहे आणि आजींच्या मते तोच खरा. आमच्या संघाचा पूर्वज ग्वेल्फमध्ये असताना बिल्टमोर नावाच्या टोपी कारखान्याच्या आश्रयाने खेळायचा. संघाचं नावच बिल्टमोर मॅड हॅटर्स! १९५२चा मेमोरियल कप त्यांनी जिंकला होता. तीन गोल करणाऱ्याला कारखान्याकडून टोपी मिळायची, असं सांगतात. म्हणजे तेव्हा कारखाना खेळाडूला टोपी द्यायचा, आता सभासद देतात. बाबांनी लगेच हा व्यवहार ताळेबंदाच्या कोणत्या बाजूला जाईल ते विचारलं.

जानेवारीत एका सामन्यात आमच्या एका पोराने खरंच तीन गोल केले. तिसरा गोल झाला तेव्हा बायको उठली, आजी उठल्या, बाबा उठले, आणि बाबांनी आवेशात टोपी फेकली. स्वतःची माकडटोपी नाही; ती हनुवटीखाली गुंडी लावून पक्की होती. हिशेबनीस माणूस. बर्फावर गेली ती माझी, कान झाकणारी, लोकरीचं अस्तर असलेली, घरातली एकमेव शहाणी खरेदी.

“परत देतात का?” त्यांनी नंतर विचारलं.

“नाही.”

“मग बरं झालं, माझी नाही टाकली.”

गाडी त्या दिवशी पार्किंगच्या पार टोकाला होती.

ही पोरं लांबून आलेली असतात, म्हणून गावातली कुटुंबं त्यांना हंगामभर आपल्या घरी ठेवून घेतात. शाळा सुटत नाही. आणि ते खेळतील त्या प्रत्येक हंगामामागे एका वर्षाच्या विद्यापीठ शिक्षणाच्या खर्चाची तरतूद लीग करते. हे कळल्यापासून बायको आपल्याकडेही एक मुलगा ठेवू या म्हणून मागे लागली आहे. उदाहरण म्हणून ती गॅब्रियेल लांडेस्कोगचं नाव घेते. स्वीडनहून कोवळ्या वयात इथे आला, रेंजर्सचा पहिला युरोपीय कर्णधार झाला आणि पुढे कोलोराडोच्या बड्यांच्या संघाचं नेतृत्व करत २०२२ साली स्टॅनली कप, म्हणजे बड्यांच्या हॉकीतला सर्वात मोठा करंडक, उचलला. “असा मुलगा आपल्या तळघरात राहिला असता,” ती म्हणते. सहा फुटी हॉकीपटू एका बसणीला किती पोळ्या खाईल, आणि त्या लाटायची पाळी कोणावर येईल, याचा अंदाज मला आहे. मी विषय बदलतो.

बाबा फेब्रुवारीत परत गेले. त्यांना सर्वांत काय आवडलं असेल तर झांबोनी, मध्यंतरात संथपणे फिरून बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र. कोणाला न मारता काम पुरं करून जातो असा इथला एकटाच तो, असं त्यांचं मत पडलं.

पण सुटका झाली नाही. आमचा सामना शुक्रवारी संध्याकाळी सातला सुरू होतो तेव्हा सांगलीत शनिवारचे पहाटे साडेपाच वाजलेले असतात, आणि बाबा चहा घेऊन फोनला बसलेले असतात. उघड्या डोक्याला फोन लावून बसणं काय असतं ते या तपमानात करून बघावं. मागच्या शुक्रवारी त्यांनी स्कोअर विचारलाच नाही. सर्वसाधारण सभेसाठी त्यांनी एक ठराव तयार केला होता, सभासदांच्या खुर्च्यांखाली उष्णतेची सोय करण्याबाबत. विषयपत्रिकेत नसला तरी अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळच्या विषयांत घेता येतो, म्हणाले. लग्नानंतर प्रथमच आमचं एकमत होत होतं.

“सूचक तुम्ही आणि अनुमोदक मी, असं करू या,” मी म्हणालो. “पण बाबा, तुम्ही सभासद नाही. मालक आम्ही.”

“तिकिटं कोणाच्या नावावर आहेत, जावईबापू?”

मी बायकोकडे पाहिलं. ती पंचाला काहीतरी सांगत होती.

“दोन्ही?” बाबांनी विचारलं.

“दोन्ही.”

“मग सूचक माझी मुलगी, अनुमोदक त्या आजी. तुम्ही सभेत माइक फिरवा.”