सगळ्या शेळ्यांना औषध पाजून जंत संपत नाहीत

शेळीपालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक सल्ला फिरतोय: 'दर दोन महिन्यांनी कळपातल्या झाडून सगळ्या शेळ्यांना जंताचं औषध पाजा, दर वेळी औषधाचं नाव बदला आणि लगेच नव्या रानात चारायला न्या. जंत मुळासकट जातात.' हेतू चांगला असेल, पण यातून औषधाला दाद न देणारे जंतच तयार होतात.

'मुळासकट जातात' हा दावा आधी घेऊ. शेळीच्या पोटाच्या चौथ्या कप्प्यात रक्त पिणाऱ्या हिमॉन्कस जंताची मादी रोज 5 ते 10 हजार अंडी घालते. एवढ्या प्रचंड संख्येत जनुकांचं वैविध्यही मोठं असतं. अल्बेंडाझोल हे जंताचं औषध जंताच्या ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटतं. त्या प्रथिनातलं 200व्या जागचं अमिनो आम्ल बदललेलं असलं, तर ते नीट चिकटत नाही. असे थोडे जंत कळपात असले आणि सगळ्या शेळ्यांना एकदम औषध पाजलं, की बाकीचे मरतात आणि पुढची पैदास या वाचलेल्यांची होते. याच गटातलं, म्हणजे याच पद्धतीनं काम करणारं, थायाबेंडाझोल 1961 मध्ये बाजारात आलं आणि 1964 मध्येच अमेरिकेतल्या मेंढ्यांत त्याला न जुमानणारे जंत नोंदले गेले.

नाव बदलून काय होणार? अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल एकाच गटातली. बाटलीवरचा गट बघा.

नव्या रानाचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. जुन्या रानात औषधाचा संबंध न आलेल्या जंतांच्या अळ्या असतात. त्या चाऱ्यातून पोटात गेल्या की वाचलेल्या जंतांशी त्यांचा संकर होतो आणि प्रतिकाराची जनुकं विरळ राहतात. स्वच्छ रानात मात्र वाचलेल्यांचीच अंडी पडतात.

सगळ्यांना औषध न पाजता गरज असलेलीच जनावरं ओळखता यावीत, यासाठी दक्षिण आफ्रिकेत 'फमाचा' (FAMACHA) नावाचा तक्ता तयार झाला. खालच्या पापणीची आतली बाजू तक्त्यातल्या पाच रंगांशी ताडायची आणि फिकट दिसेल, म्हणजे जंतांमुळे रक्त कमी झालेलं असेल, त्याच जनावराला औषध द्यायचं. करडं आणि नुकत्याच व्यालेल्या शेळ्यांकडे जास्त लक्ष हवंच, ते मला मान्य आहे. पण मात्रा वजन करून, पशुवैद्यकाला विचारूनच द्या. शेळीच्या शरीरातून औषध मेंढीपेक्षा लवकर निघून जातं, त्यामुळे मेंढीची मात्रा अनेकदा अपुरी पडते आणि अर्धवट मात्रेत चिवट जंतांचंच फावतं. औषधानंतर दोन आठवड्यांनी लेंड्या तपासून घ्या. बाजारातून आणलेली शेळीही तपासणी होईपर्यंत वेगळी बांधा, कारण तिच्याबरोबर दुसऱ्या गावचे प्रतिकारक जंत येऊ शकतात.