नानांकडची शिडी

दिवाळी आठ दिवसांवर आली की इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या ओट्यावर फराळाचा विषय निघतोच. या वेळी त्याआधी शुभावहिनीचा निघाला. परवा सातव्या महिन्यातली बाई स्टुलावर चढून पंखा पुसत होती. पुढचं सगळ्यांना ठाऊक होतं. बाळ सुखरूप आहे, मनगट सुजलंय. तिचा नवरा विन्या कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. त्यांचा अडीच वर्षांचा चिकू समोर रांगोळीचा निळा रंग या वाटीतून त्या वाटीत ओतत होता. कोपरापर्यंत निळा झाला होता.

नानांनी सुरुवात केली. ‘‘आजकालच्या मुली नाजूक. माझ्या वेळी आईला आठवा महिना होता, पाच किलोचा चिवडा एकटीने परतला तिने, वर अनारसे.’’

‘‘नाना, तुमच्या वेळी तुम्ही पोटात होतात,’’ शोभाताई म्हणाल्या. ‘‘चिवडा मोजला कोणी?’’

शोभाताईंनी तीस वर्षं सरकारी दवाखान्यात बाळंतपणं केलीयत. त्या बोलायला लागल्या की मी मध्ये तोंड घालत नाही, आणि नानांनीही घालू नये असं मला मनापासून वाटतं.

‘‘मी तिला नको म्हटलं होतं हो,’’ विन्या पुटपुटला.

‘‘नको म्हणालास आणि ऑफिसला गेलास. ‘मी करतो’ म्हणाला असतास तर ती कशाला चढली असती? आणि विन्या, पाय घसरला की चक्कर आली?’’

‘‘थोडी चक्कर आली म्हणते.’’

‘‘लोहाची गोळी घेते?’’

‘‘घेते ना, रोज सकाळी. चहाबरोबर.’’

ताईंनी कपाळावर हात मारला. ‘‘चहा लोह अंगी लागू देत नाही रे! गोळी आणि चहा यांत दोन-एक तास जाऊ देत. कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळेला. आणि चक्कर आली हे उद्याच डॉक्टरांना सांगा, रक्त तपासा.’’ 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 52.2 टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय आढळला होता. म्हणजे निम्म्याहून जास्त. त्यात या दिवसांत पोटाचा भार पुढे येतो, सांधे सैल पडतात, तोल बदलतो. अशा बाईने स्टुलावर उभं राहून मान वर करायची, आणि खाली पोरगं ‘आई, कडेवर’ म्हणून साडी ओढतंय. मला तर ऐकूनच धडकी भरली.

‘‘मी काहीच करत नाही असं नाही,’’ विन्या म्हणाला. ‘‘रविवारभर दारं खरवडली. नवा रंग द्यायचाय.’’

‘‘घरात? ही दोघं असताना?’’ ताई उठूनच उभ्या राहिल्या. विन्याच्या वाड्याची दारं त्याच्या आजोबांच्या वेळची. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत नव्वद भागांच्या, वर नको, हा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये किती असेल कोण जाणे. खरवडलं की त्याची धूळ फरशीवर बसते, चिकूच्या हाताला लागते, हात तोंडात जातो. आईच्या रक्तातलं शिसं तर नाळेतून थेट बाळापर्यंत पोचतं. ‘‘झाडू मारू नकोस, धूळ उडेल. ओल्या फडक्याने तूच पूस. पोराचे हात धू. दारं पुढच्या दिवाळीला रंगव, कोणी बघायला येत नाही.’’

‘‘दिवाळीला घर स्वच्छ नको?’’ नाना.

‘‘इंदूर 2017 पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत देशात पहिलं आलं. ते काय गरोदर बायकांनी स्टुलावर चढून आणलं?’’

बापू एवढा हसला की त्याचा चहा सांडला. ‘‘आणि भिया, फराळाचं काय घेऊन बसलात? या गावात चौकाचौकात शेव तोलून मिळते. इंदुरात राहून सोऱ्या घेऊन बसायचं म्हणजे नर्मदेकाठी विहीर खणायची!’’

‘‘चकली मात्र घरचीच हवी,’’ नाना हट्टाने म्हणाले.

‘‘मग तुम्ही पाडा. तळणीसमोर उभं राहून बघा एकदा. तिला तेलाच्या वासाने ढवळतं, आणि पोरगं कढईच्या कानाला हात लावायला टपलेलं.’’

मग बापूला एकदम आठवलं. ‘‘पण स्टूल का? वाड्यात शिडी होती ना?’’

ओटा गप्प झाला. शिडी नानांकडे होती. दोन वर्षांपूर्वीच्या गणपतीत, मखराची माळ लावायला म्हणून नेलेली. मग काय, जुनं सगळं निघालं: बापूची पक्कड, माझी सतरंजी, कुणाच्या तरी मुंजीतलं पातेलं. नाना प्रत्येक वस्तूला ‘‘आणतो, आणतो’’ म्हणत होते. पातेल्याला मात्र म्हणाले, ‘‘ते माझंच आहे.’’

‘‘शिडी आणा,’’ ताई म्हणाल्या. ‘‘पण चढणार कोण ते आत्ता ठरवा. नाहीतर परवा शिडीवरून पडेल.’’

विन्याने हात वर केला. शाळेत करतात तसा.

नऊ वाजता आम्ही सगळे त्यांच्या घरात. शुभावहिनी खुर्चीत, पाय पाटावर, सुजलेला हात उशीवर. ताईंनी चिकूला तिच्याजवळ नेलं, पण उचलून दिलं नाही. तो आपला आपण खुर्चीवर चढला आणि तिच्या कुशीत डोकं खुपसून बसला. विन्या शिडीवर, बापूने शिडी धरलेली. ‘‘त्या पात्याचं मागचं राहिलं,’’ वहिनी म्हणाली. तिला एवढं खुलून हसताना मी बऱ्याच दिवसांनी पाहिलं.

नाना जायला वळले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पाठीमागे दोन छोटे निळे पंजे. कोणी सांगितलं नाही. गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत आम्ही हसत होतो, आणि नानांना वाटलं, अजून पातेल्यावरूनच.