निवांतपणाची वेळ : सकाळी साडेसात ते सायंकाळी पाच

सुट्टीत निवांत व्हायचं ठरवलं असेल तर आधी घाई करा. शिडाच्या होडीतून बेटावर जाणारी एक दिवसाची सहल सकाळी साडेसातला सुटते आणि धक्क्यावर अर्धा तास आधी पोचायचं असतं. एरवी ऑफिससाठी लावता त्याच्या तासभर आधीचा गजर लावा. सुट्टी आहे ना!

निघण्यापूर्वी जाहिरातीतला फोटो पुन्हा एकदा डोळे भरून पाहून घ्या. फुगलेलं पांढरं शीड, निळंशार पाणी आणि होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, टोपी घालून पहुडलेली एकच बाई. ती बाई तुमच्या होडीवर नसेल. तिच्याऐवजी चाळीस माणसं असतील आणि त्यांतल्या प्रत्येकाला तिच्यासारखाच फोटो हवा असेल. त्यामुळे नाळेवर रांग लागेल. रांगेत उभे राहा. आपला नंबर आला की दूर क्षितिजाकडे बघत एकटेपणाचा भाव चेहऱ्यावर आणा. मागचा गृहस्थ 'झालं का?' म्हणेपर्यंत तो टिकला तरी पुरे.

चढल्या चढल्या सावलीची जागा पकडा. टॉवेल, पिशवी, चप्पल, जमल्यास एखादं मूल टाकून हद्द आखून घ्या आणि उन्हात राहिलेल्यांकडे बघून हळहळ व्यक्त करा. पंधरा मिनिटांनी होडी दिशा बदलते, आणि होडी वळली की सावली पलीकडे जाते. मग टॉवेल उचलून पलीकडच्या हद्दीवर चाल करून जा. आमच्या होडीवर दोन कुटुंबांची मैत्री अशीच झाली. म्हणजे निदान बोलणं तरी सुरू झालं.

सनस्क्रीन अजिबात लावू नका. वारा गार लागतोय म्हणजे ऊन नाही, ही श्रद्धा मनापासून जपा. अतिनील किरणांना वाऱ्याशी काही देणंघेणं नसतं, आणि समुद्राचा पांढरा फेस त्यांतले साधारण २५ टक्के उलटे तुमच्याकडे पाठवतो. पण सुट्टीत असले हिशेब कोण करतो? लावलंच तर सकाळी एकदा लावून दिवसभर त्याच पुण्याईवर राहा. दर दोन तासांनी पुन्हा लावायचं असतं, हे बाटलीवर इतक्या बारीक लिहिलेलं असतं की लिहिणाऱ्यांनाही ते फारसं महत्त्वाचं वाटत नसावं. पावलांची वरची बाजू तर हमखास विसरा. रात्री पांघरुणाचा स्पर्श झाला की ती आपणहून आठवण करून देईल.

आता मुख्य कार्यक्रम, म्हणजे मळमळ. त्याचं कारण तसं घरगुतीच आहे. डोळे केबिनच्या भिंतीकडे बघून सांगतात, 'सगळं जागच्या जागी आहे.' कानाच्या आत तोल सांभाळणारी जी यंत्रणा असते ती ओरडते, 'काहीही जागच्या जागी नाही!' मेंदूला हे भांडण मिटवता येत नाही, मग दोघांचा राग तो पोटावर काढतो. म्हणून डेकवर थांबून क्षितिजाकडे वगैरे बघू नका, त्याने बरं वाटण्याचा धोका आहे. खाली केबिनमध्ये जा, मान खाली घाला आणि मोबाईलवर काहीतरी वाचत बसा. गोळी निघण्याच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची असते, म्हणून ती पहिली ढेकर येईपर्यंत खिशातच राहू द्या. आणि वेळ आलीच, तर वारा ज्या बाजूने येतोय नेमक्या त्याच कठड्यावर धावत जा. चाळीस अनोळखी माणसांनी तुम्हाला जन्मभर लक्षात ठेवावं, असा दुसरा उपाय माझ्या माहितीत नाही.

मनाला लावून घेऊ नका. डार्विन १८३१ ते १८३६ अशी पाच वर्षं 'बीगल' जहाजावर होता आणि शेवटपर्यंत त्याला बोट लागत राहिली. ब्रिटिश आरमाराच्या अ‍ॅडमिरल नेल्सनलाही लागत असे. फरक इतकाच, की त्यांच्या सहलीच्या पत्रकात 'विश्रांती' असा शब्द नव्हता.

एव्हाना तुमच्या लक्षात येईल की शीड अजून गुंडाळलेलंच आहे आणि होडी धडधडत इंजिनावर चालली आहे. कप्तानाला याबद्दल विचारू नका. मी विचारलं होतं. तो म्हणाला, वारा समोरून आहे. कुठलीही शिडाची होडी थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही; साधारण ४५ अंश बाजूला राहून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं नागमोडी जावं लागतं. १० सागरी मैलांचे १४ होतात. आणि बेटावर जेवण बाराला. 'तुम्हाला शीड पाहिजे का जेवण?' त्याने विचारलं. माझ्या मागच्या चाळीस जणांनी एकमुखाने दिलेलं उत्तर मी इथे लिहीत नाही.

बेटाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ते निर्जन असतं, आणि आणखी तीन होड्याही ते निर्जन आहे म्हणूनच आलेल्या असतात. छोट्या रबरी होडीतून आठ-आठ जणांना किनाऱ्यावर नेतात. शेवटचे आठ जण उतरतात तेव्हा पहिल्या आठांना परत बोलावणं सुरू झालेलं असतं. पाण्यात बघायचा चष्मा मिळेल. काचेवर वाफ धरू नये म्हणून आत थुंकून विसळायचा असतो. काल तो ज्याने घातला होता, त्यालाही हे माहीत होतं, एवढं मनात ठेवा आणि निर्धास्त घाला.

परतीला मात्र एक अडचण उद्भवू शकते. दुपारी जमीन तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि समुद्रावरून किनाऱ्याकडे वारा धरतो. म्हणजे नेमका पाठीमागून. कप्तान न सांगता उठेल. दोन खलाशी दोराला लागतील, मळकट शीड एक-एक हात डोलकाठीवर सरकत जाईल, मध्येच अडकेल, कुणीतरी खालून झटका देईल. मग ते एकदम भरेल आणि सबंध होडी किंचित कलून पुढे सरकेल. कप्तान वाकून इंजिन बंद करेल.

आवाजच नाही. होडीच्या पोटाखालून पाणी सळसळत जातंय तेवढंच. वेग असेल जेमतेम सहा नॉट, म्हणजे ताशी ११ किलोमीटर. किनाऱ्यावर असता तर कुणीही सायकलवाला पुढे गेला असता. कप्तान सुकाणूवर हात ठेवून वर शिडाकडे बघतोय, आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी बरं दिसतंय.

अशा वेळी गाफील राहू नका. ताबडतोब उठून बसा आणि मोठ्याने विचारा, 'काय झालं? बंद पडली का?' लगेच दुसरा घड्याळ बघेल. तिसऱ्याला पाचच्या आत पोचायचंच असेल, त्याची पुढची सहल बुक असते. आठ-दहा मिनिटांत कप्तान मान हलवून पुन्हा वाकेल, इंजिन खोकून सुरू होईल, आणि टाळ्या पडतील. टाळ्यांत तुम्हीही सामील व्हा.