ब्रूक नाही म्हणाला, आपला ऋतुराजही नाही म्हणाला

मी मूळचा पुण्याचा, राहतो इंग्लंडमध्ये, यॉर्कशायरमधल्या लीड्सला. आमच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आयपीएल आली की एकच विषय, सगळं जग कसं आपल्या लीगच्या मागे लागलंय बघा. खोटं नाहीये ते. साउथ आफ्रिकेच्या लीगमधल्या सहाच्या सहा टीम आयपीएलच्या मालकांच्या आहेत, अमेरिकेत मुंबई इंडियन्सवाल्यांची एमआय न्यूयॉर्क आहे, आणि २०२५ मध्ये इथल्या हंड्रेडच्या, म्हणजे शंभर बॉलच्या लीगच्या, टीम विकायला काढल्या तेव्हा आमची लीड्सची टीम अख्खीच्या अख्खी सन ग्रुपने घेतली, म्हणजे सनरायझर्स हैदराबादवाल्यांनी, सुमारे १० कोटी पौंडांना. त्या टीममध्ये हिस्सा असलेला इथला यॉर्कशायर क्लब कर्जात बुडालेला होता, त्याला या पैशाने केवढा आधार झाला! ग्रुपवर लगेच "विकत घेतलं रे इंग्लंड" सुरू. आनंद मलाही झाला, खूप झाला. याच यॉर्कशायरने किती वर्षं यॉर्कशायरबाहेर जन्मलेला माणूस टीममध्ये घेतला नव्हता, आणि शेवटी १९९२ मध्ये पहिला परदेशी खेळाडू घेतला तो आपला १९ वर्षांचा सचिन. आता त्यांच्याच हेडिंग्ले मैदानावर सनरायझर्सची जर्सी.

पण ग्रुपवर माझं ज्यावरून वाजलं ते हॅरी ब्रूकवरून.

ब्रूक इंग्लंडचा बॅट्समन, इथलाच, यॉर्कशायरचा पोरगा. २०२५ च्या आयपीएलसाठी दिल्लीने त्याला ६.२५ कोटींना घेतलं आणि सीझन तोंडावर आला असताना त्याने माघार घेतली, म्हणाला इंग्लंडसाठी हे वर्ष फार महत्त्वाचं आहे, तयारी करायचीय. बीसीसीआयने नवीन नियमाप्रमाणे दोन वर्षांची बंदी घातली. आता नियम चुकीचा आहे असं मी अजिबात म्हणत नाही. लिलावात एक परदेशी खेळाडू घेतला की मालकाचे पैसे अडकतात, दुसरा कुणीतरी चांगला हातचा जातो, आणि स्पर्धा दोन आठवड्यांवर असताना तोडीचा माणूस आणणार कुठून? परदेशी लोक आधी नाव देतात आणि मग ऐनवेळी निघून जातात, ही टीमवाल्यांची तक्रार जुनी आहे आणि खरी आहे. बंदी घातली, ठीक. पण ग्रुपवर जे चाललं होतं ते नियमाबद्दल नव्हतंच, आपल्या लीगला नाही म्हणायची याची लायकी काय, असं चाललं होतं, आणि वर त्याला ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. मला ते लागलं. कारण इथे शनिवारी मुलाला घेऊन मी ज्या क्लबवर जातो तिथे लोक त्याच निर्णयाबद्दल कौतुकाने बोलत होते, पैसे सोडून देशासाठी थांबला म्हणून. आपल्याकडे कुणी असं केलं असतं तर आपण त्याला डोक्यावर घेऊन नाचलो असतो की नाही, सांगा.

आणि मग जुलै आला. आपला ऋतुराज गायकवाड, पुण्याचा, चेन्नईचा कॅप्टन, त्याला यॉर्कशायरने करारबद्ध केलं होतं, काउंटीच्या, म्हणजे इथल्या रणजीसारख्या स्पर्धेच्या, पाच मॅच आणि वनडे कप. मी तर स्कारबरोला सरे विरुद्धच्या मॅचला जायचं ठरवून सुट्टी टाकली होती, मुलाला रोज सांगत होतो की आपल्या गावचा माणूस येतोय. मॅच काही दिवसांवर आली असताना कळलं की वैयक्तिक कारणामुळे तो येत नाहीये. कारण त्याचं, त्यात आपण नाक खुपसू नये, आणि मला त्याच्याबद्दल तसूभर राग नाही. पण इथे काय झालं ते सांगतो. कोचने निराशा बोलून दाखवली, धावपळ करून पाकिस्तानच्या इमाम उल हकला आणलं, आणि विषय संपला. क्लबवरच्या एका आजोबांनी मला विचारलं, त्याच्या घरी सगळं बरं आहे ना? बस, एवढंच. (यॉर्कशायर म्हणजे संतांचा क्लब आहे असं नाही हां, इथेच खेळलेल्या अझीम रफिकने वर्णद्वेषापायी जे भोगलं ते इथलंच आहे, ते मी विसरलेलो नाही.)

ग्रुपवर मी हे दोन्ही किस्से शेजारी शेजारी टाकले. उत्तर आलं, काउंटी आणि आयपीएल एक आहे का? पैशात नाहीच, पण शब्द दिलेला असतो तो सारखाच.

दुसरं म्हणजे, जगाने आपल्या लीगमध्ये यावं असं आपल्याला वाटतं पण आपली पोरं आपण कुणाच्या लीगमध्ये जाऊ देत नाही. ऋतुराजला काउंटी खेळायला परवानगी मिळते, हंड्रेड मात्र नाही, भारतातल्या क्रिकेटमधून रिटायर झाल्याशिवाय कुठल्याच परदेशी लीगमध्ये पुरुष खेळाडूला जाता येत नाही. स्मृती मंधाना हंड्रेड खेळून गेली, तिला चालतं. माझा मुलगा विचारतो, टीम सनरायझर्सची झाली ना, मग अभिषेक शर्मा हेडिंग्लेला कधी येणार? अकरा वर्षांचा आहे तो, आणि वैभव सूर्यवंशीने ३५ बॉलमध्ये सेंचुरी मारली तेव्हापासून त्याचे इथले मित्रसुद्धा शाळा सुटल्या सुटल्या आयपीएलचा स्कोअर विचारतात, आपल्या साडेसातच्या मॅचला इथे दुपारचे तीन वाजलेले असतात ना. परदेशातला इंटरेस्ट म्हणतात तो मला या पोरांमध्ये दिसतो, शेअर कोणी कितीला घेतले त्यात कमी. त्या पोरांना मी काय सांगू, की पैसे आपले येणार, जर्सी आपली येणार, खेळाडू येणार नाहीत?

मोठ्या स्टार लोकांना थकवा असतो, दुखापती असतात, त्यांना बोर्डाने जपावं, मान्य. पण रणजी खेळणारी, लिलावात कुणी बोली न लावलेली महाराष्ट्राची, विदर्भाची किती पोरं जुलै-ऑगस्टमध्ये पावसात घरी बसलेली असतात. त्यांना तरी सोडा. हंड्रेडच्या काही टीममध्ये आपलेच लोक मालक आहेत आता, तिथे विचारायला इंग्रजांकडे जायचीसुद्धा गरज नाही.