आपल्यात ठेवतात का हे नाव?

मुलीचं नाव गौतमी ठेवायचं ठरलं आणि पंचवटीहून आत्याचा व्हिडिओ कॉल आला. बाळाचं वजन, माझी झोप, सगळं विचारून झालं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "अगं, आपल्यात ठेवतात का हे नाव?"

काय विचारायचंय ते कळलं. १९३० साली आत्याच्या घराजवळच्याच काळाराम मंदिराच्या दारात ज्यांना अडवलं, त्यांच्या घरांत आज गौतम, गौतमी ही नावं बुद्धाच्या ओढीने ठेवली जातात. आमच्याकडे मग नाव ऐकूनच लोक वस्ती ठरवून मोकळे.

इथे श्टुटगार्टच्या नोंदणी कार्यालयातल्या बाईंनी फक्त मुलगा की मुलगी एवढं विचारलं, 'गाउटामी' असं वाचलं आणि शिक्का मारला.

आत्याला म्हटलं, तू रोज रामकुंडावर जातेस ती नदी कोणती? गोदावरीच गौतमी. गौतम ऋषींनी ब्रह्मगिरीवर तप करून आणली म्हणून. शब्दाचा अर्थही तेवढाच, गौतमाची. बुद्धाला वाढवणारी मावशी महाप्रजापती, तीही गौतमीच.

माझ्या मनात मात्र तिसरी होती. पांडवलेण्यांत तीन नंबरच्या लेण्यात, व्हरांड्याच्या भिंतीवर, सातवाहन राजा सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे. नातू पुळुमावी याच्या राज्याच्या १९व्या वर्षी तिने हे लेणं बौद्ध भिक्षूंना दिलं, आणि त्याच लेखात मुलाला 'एकबम्हण', म्हणजे एकमेव ब्राह्मण, म्हणून गौरवलं. ही मग कुणाच्यातली? शुद्ध संस्कृत नावं शोधणाऱ्यांसाठी आणखी एक: लेख प्राकृतात आहे, तिथे ती 'गोतमी'.

राजाही आईच्या नावाने, गौतमीपुत्र. १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावायचं असं सरकारने ठरवलं, तेव्हा आमच्या नाशिककरांच्या ग्रुपवर काय तो गहजब!

आत्या शेवटी म्हणाली, "नदीचं आहे म्हणतेस ना? मग असू दे." नदीचं म्हणून असू दे. पुढे ताणलं नाही मी.

इथे हा त्रास नाही, असं लिहिणार होते. पण मराठी मंडळाच्या गणपतीत प्रसाद वाटणाऱ्या एका काकूंनी बाळाच्या गालाला हात लावला. "गौतमी? वा! आणि आडनाव काय तुमचं?" मी सांगितलं. त्यांचा चेहरा सैल झाला. माझाही झाला असणार; हातात मोदक घेऊन मी हसत होते.