खंड्याचं अभ्यंगस्नान

आमच्या खंड्याला गोचिडी झाल्यात हे घरात सगळ्यात आधी कळलं सासूबाईंना, कारण त्यांच्या उशीच्या अभ्र्यावरून एक मटकीचा दाणा चालत निघाला होता. "अगं, मटकीला मोड यायच्या ऐवजी पाय आलेत," असं त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं आणि मग त्या ज्या किंचाळल्या, त्याने खालच्या मजल्यावरचे काका लिफ्टची वाट न बघता वर आले.

खंड्या म्हणजे आमचं गावठी कुत्रं. जेजुरीहून येताना रस्त्यात सापडलं आणि खंडोबाच्या पायाशी कुत्रं असतंच म्हटल्यावर सासूबाईंना नाही म्हणता आलं नाही, म्हणून तेच नाव. श्रावणात पुण्याच्या त्या दमट हवेत ते सारखं खाजवायला लागलं होतं, पण मला वाटलं सवय असेल, माझा नवरापण खाजवतो. मग कानामागे केस बाजूला करून बघितलं तर कानामागून आली आणि तिखट झाली ही म्हण कुणाला सुचली असेल ते एका क्षणात कळलं. शिवाय पाठीवर पिसवा, त्या वेगळ्याच. म्हणजे एका कुत्र्यावर दोन भाडेकरू, एक उड्या मारणारा आणि एक चिकटून बसणारा.

घरातल्या कायदेमंडळाने ठरवलं की केमिकल नको. हा ठराव मीच मांडला होता हे आता नवरा दिवसातून दोनदा आठवण करून देतो. ऑनलाइन एक नॅचरल शाम्पू मागवला, कडुनिंब, कोरफड आणि लेमनग्रासवाला, एवढीशी बाटली आणि किंमत बघितली तर तेवढ्यात माझ्या केसांचं वर्ष निघालं असतं. तो यायला चार दिवस, तोपर्यंत प्रत्येकाने आपापलं औषध सांगून टाकलं. आत्याबाई म्हणाल्या सीताफळाच्या बिया वाटून लाव, वॉचमनदादा म्हणाले तंबाखूचं पाणी, ऑफिसातली मैत्रीण म्हणाली टी ट्री ऑइल, नॅचरलच आहे ना. बरं झालं आधी डॉक्टरांना फोन केला. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेली तर डोळ्याचं वाटोळं होतं, तंबाखू आणि टी ट्री ऑइल दोन्ही कुत्र्याला विषारी, आणि कुत्रं अंगाला लावलेलं सगळं चाटतंच. "मॅडम, धोतरापण नॅचरलच असतो," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

शेवटी सासूबाईंनी सूत्रं हातात घेतली. रिठे आणि शिकेकाई रात्रभर भिजत, सकाळी मोठ्या पातेल्यात कडुनिंबाचा पाला उकळायला. कडुनिंबाशी आमचा एरवी संबंध पाडव्याच्या चटणीपुरता, तोही तोंड वाकडं करून, त्या दिवशी मात्र घर असं कडू झालं होतं की चहापण काढा लागत होता.

रविवारी मुहूर्त. डॉक्टरांनी एक गोष्ट बजावली होती, आधी मानेभोवती फेसाचा जाड पट्टा लावा, कारण अंगावर पाणी पडलं की पिसवा तोंडाकडे पळतात. म्हणजे नाकाबंदी. हे मी नवऱ्याला तीनदा सांगितलं आणि त्याने पहिला तांब्या थेट शेपटीवर ओतला. पुढचं काय सांगू, सगळा लवाजमा पाठीवरून मानेकडे, मानेवरून कानात आणि तिथून काही जण आमच्या हातांवर, जसे काही सुट्टीत गावाला निघालेत.

फेस दहा मिनिटं तसाच ठेवायचा असतो. लिहायला सोपं आहे, पण ओलं कुत्रं बाथरूममध्ये दहा मिनिटं धरून बघा. घड्याळ बाहेर, मोबाईल ओला, म्हणून सासूबाई दाराबाहेर उभं राहून आरत्या म्हणायला लागल्या, गणपतीपासून विठ्ठलापर्यंत बरोबर दहा मिनिटं होतात म्हणे. टाळ्या ऐकून खंड्याला वाटलं प्रसाद आहे. दुसऱ्या आरतीला तो सुटला, आणि अंग झटकलं ते हॉलच्या मधोमध. पांढऱ्या भिंतीवर शिकेकाईचे शिंतोडे अजून आहेत, आता रंग काढायचा तर दिवाळीलाच.

पण पिसवांचं काम झालं हं, खोटं कशाला बोलू. फेसाच्या पाण्यात त्या तरंगत नाहीत, बुडतात, बादलीच्या तळाशी मोहरीसारख्या दिसत होत्या. गोचिडींना मात्र काही नाही. त्या आंघोळ झाल्यावर जास्तच टवटवीत दिसायला लागल्या, केसांना चमक आल्यासारख्या.

मग रोज संध्याकाळी आम्ही दोघं सोफ्यावर खंड्याला मधे घेऊन, मटार सोलायला बसल्यासारखे, चिमटा आणि साबणाच्या पाण्याची वाटी घेऊन बसायचो. कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ ओढायची, पिळायची नाही, रॉकेल नाही, काडी नाही. पहिल्या दिवशी सदतीस. पोट भरलेली गोचीड डिट्टो एरंडाच्या बीसारखी दिसते, एरंडाचं शास्त्रीय नाव रिसिनस म्हणजे लॅटिनमध्ये गोचीडच, हे नवऱ्याने जेवताना वाचून दाखवलं. त्याच नवऱ्याने एक गोचीड नरकचतुर्दशीच्या कारीटासारखी चपलेखाली फोडली आणि "गोविंदा" म्हणाला. रक्त कुणाचं यावर नंतर वाद झाला, पण पुसलं मी.

आठवड्याने पिसवा परत. मला वाटलं आपला रिठ्याचा शाम्पूच फसवा. डॉक्टर म्हणाले शाम्पू फेस अंगावर असेपर्यंतच काम करतो, धुतलं की संपलं, आणि एक पिसू दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालते ती सगळी अंगावरून घरंगळून तुमच्या गालिच्यात, सोफ्याच्या फटीत. गोचीड तर पोट भरलं की खाली उतरते, भिंतीच्या भेगेत जाते आणि हजारोंनी अंडी घालते, आणि पिल्लं न खातापिता महिनोन्महिने बसून राहू शकतात. म्हणजे इतके दिवस आम्ही भाडेकरूला आंघोळ घालत होतो, आणि त्याचं अख्खं गाव आमच्या सोफ्यात. वर त्यांनी खंड्याचं रक्त तपासलं, प्लेटलेट्स कमी, टिक फीवर, म्हणजे गोचिडीच्या चावण्यातून होणारा ताप. तेव्हा मात्र माझं हसू गेलं. महिनाभर डॉक्सिसायक्लीन हे अँटिबायोटिक आणि गोचिडींसाठी एक गोळी, महिनाभर रक्तात राहणारी, चावली की चावणारी मरते. केमिकलविरोधी ठराव मी तिथेच, डॉक्टरांच्या टेबलावर मागे घेतला.

गोळी भाकरीत लपवून दिली तर भाकरी खाल्ली, गोळी माझ्या पायावर ठेवली. कलेजीत दिल्यावर गेली. मग गालिचा बाहेर, चादरी गरम पाण्यात, दारांच्या फटी, सोफ्याच्या फटी रोज व्हॅक्यूम. दोन-तीन दिवसांत गोचिडी वाळून गळायला लागल्या. पिसवा मात्र कोशातून निघत राहिल्या, त्यामुळे व्हॅक्यूम काही आठवडे सुटला नाही. खंड्या आता पाठीवर झोपतो, चारी पाय वर, आणि अजून त्याच्या अंगाला पाडव्याच्या चटणीचा वास येतो.

काल सासूबाईंनी फॅमिली ग्रुपवर कडुनिंब-रिठ्याची पूर्ण कृती टाकली, खाली खंड्याचा फोटो आणि "एकच आंघोळ, एकही गोचीड नाही". गोळीचा उल्लेख नाही. पाच मिनिटांत बावीस थम्ब्स अप, आणि आत्याबाईंचा प्रश्न, नातीच्या डोक्यातल्या उवांसाठी चालेल का, आणि आरत्या कुठल्या म्हणायच्या.