वर्षातून चार भोके पाडणाऱ्यासाठी कोणते ड्रिल : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

घरगुती कामासाठी वायरचे ड्रिल घ्यावे हा माझा सल्ला कालबाह्य आहे, 20 व्होल्टचे कॉर्डलेस, म्हणजे बॅटरीवर चालणारे, ड्रिल आता तितकेच ताकदवान असते, आणि शिडीवर उभ्या असलेल्या माणसाच्या पायांत वायर अडकणे धोक्याचे असते, असे आपण लिहिले आहे. शिडीचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि ताकदीचाही बराचसा. (खोक्यावरचे 20 व्होल्ट पूर्ण चार्ज झालेल्या पाच सेलचे असतात, प्रत्यक्ष काम 18 व्होल्टच्या आसपास चालते.) तरीही सल्ला मी बदलत नाही, कारण यंत्र वर्षातला किती काळ पडून राहणार, यावर तो आधारलेला आहे.

लिथियम-आयन बॅटरी वापराने झिजते, तशी नुसती पडूनही जुनी होते. पूर्ण चार्ज करून ती उन्हाळ्यात तापणाऱ्या स्लॅबखाली माळ्यावर ठेवली, तर हे अधिक वेगाने घडते; आणि रिकामी ठेवली, तर आधीच उतरलेला व्होल्टेज हळूहळू इतका खाली जातो की चार्जर तिला स्वीकारतच नाही. साधारण अर्धी चार्ज करून थंड, कोरड्या कपाटात ठेवणे आणि काही महिन्यांनी तपासणे हे तिचे पथ्य आहे. रोज काम करणाऱ्या सुताराची बॅटरी जुनी होण्याआधी वसूल झालेली असते. दिवाळीच्या आधी एकदा ड्रिल काढणाऱ्या कुटुंबाची होत नाही, आणि नवी घ्यायला जावे तर ती त्याच कंपनीची, त्याच मालिकेची मिळावी लागते.

ताकदीबद्दल एकच सांगतो. आपल्या फ्लॅटमध्ये सर्वांत जास्त भोके पडद्याच्या दांड्यासाठी पाडली जातात आणि ती नेमकी खिडकीवरच्या आरसीसी लिंटेलमध्ये, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटच्या आडव्या पट्टीत, येतात. बिट प्लास्टरमध्ये सहज शिरते, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरवर एकदम अडते आणि नुसते घासू लागते. तिथे 12 व्होल्टचे छोटे यंत्र हतबल होते. 600 वॅटचे वायरचे हॅमर ड्रिल (फिरता फिरता ठोकेही देणारे), चांगले कार्बाइडचे बिट लावून आणि मध्येमध्ये बाहेर काढून भुकटी झाडत राहिले, तर वेळ घेते, पण गिट्टी (स्क्रू धरून ठेवणारी प्लास्टिकची नळी) बसेल इतके भोक पाडते.

स्क्रू पिळण्याचे काम मात्र कॉर्डलेसचेच. वायरच्या हॅमर ड्रिलला बहुधा क्लच, म्हणजे ठरावीक जोरानंतर पिळणे थांबवणारी सोय, नसतो. त्याने स्क्रूचा माथा खराब होतो किंवा प्लायवूड फाटते.

आपल्याकडे 18 व्होल्टचे दुसरे एखादे अवजार आधीपासून असेल आणि त्याची बॅटरी नियमित वापरात असेल, तर माझा हिशेब लागू पडत नाही. त्याच मालिकेतले हॅमर ड्रिल बॅटरीशिवाय, नुसते यंत्र म्हणून, अवश्य घ्यावे.